इंजिनातले ऑइल वाढते तेव्हा

बैलगाडीच्या आसाला वंगण लागते, हे तुम्हाला सांगायला नको. वंगण संपले की चाक करकरते. तरीही दुर्लक्ष केले तर आस झिजतो आणि एक दिवस भर रस्त्यात गाडी बसते. वंगण वापराने कमी होते. न घालता ते वाढले, असे आजवर कोणी पाहिलेले नाही.

इंजिनालाही वंगण लागते. त्याला आपण ऑइल म्हणतो. तेही वापराने थोडे थोडे कमी व्हायचे. मग एखाद्या इंजिनात ते आपोआप वाढू लागले तर काय समजायचे?

पवना धरणाच्या काठी एका गावात माझा एक जुना विद्यार्थी राहतो. त्याची मासे धरायची नाव आहे. नावेच्या मागच्या फळीला पेट्रोलचे इंजिन टांगलेले आहे. अशा इंजिनाला आउटबोर्ड इंजिन म्हणतात. धरणात कोणी बुडाले की गावकरी रात्री-अपरात्री यालाच हाक मारतात. म्हणजे हे इंजिन नुसते पोटापुरते नाही.

कार्तिकात तो मला बाजारात भेटला. मोठ्या खुशीत होता.

“गुरुजी, माझं इंजिन लई गुणी आहे. ऑइल पितच नाही. उलट काडीवर ऑइल वर वर चढतंय. आता वरच्या खुणेच्याही वर गेलंय.”

मी विचारले, “तू वरून घातलंस का?”

“नाही.”

“घरात आणखी कोणी घातलं?”

“छे. इंजिनाला हात लावायची कुणाची छाती आहे?”

“मग आलं कुठून?”

तो हसला. म्हणाला, “फिटर म्हणाला, जास्तीचं काढून टाक आणि चालू दे. मी काढलं चहाचा कपभर. पंधरा दिवसांत परत चढलं. चांगलंच आहे की!”

मी म्हणालो, “गवळ्याच्या चरवीतलं दूध वाटेत वाढलं, तर तू चांगलंच म्हणशील का?” पण तो घाईत होता. त्याने ते हसण्यावारी नेले.

तीन आठवड्यांनी तो घरी आला तेव्हा हसत नव्हता. संध्याकाळी जाळी काढून परतताना ऐन मध्यावर इंजिन पांढरा-निळा धूर ओकू लागले. ताकद गेली. मग बंद पडले ते पडलेच. वारा सुटलेला. नावेत वल्हे एकच. तो आणि त्याचा धाकटा भाऊ आळीपाळीने वल्हवत रात्री नऊ वाजता काठाला लागले. म्हातारी आई बॅटरी घेऊन पाण्याच्या कडेला उभी होती.

मी काही फिटर नव्हे. पण इंजिनाची इंग्रजी पुस्तिका त्याच्या घरी पिशवीत पडून होती. ती मी त्याला वाचून दाखवली. शिवाय लोणावळ्यात नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. लोणावळ्याला समुद्र नाही, तरी जहाजांची इंजिने शिकवणारे नौदलाचे मोठे केंद्र तिथे आहे. त्याचे नाव आय. एन. एस. शिवाजी. ते 1945 पासून आहे. आपल्या तालुक्यातच सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आहे. पुरात रबरी नावा घेऊन जाणारे जवान ते हेच. त्यांच्या नावांनाही अशीच टांगती इंजिने लावतात. सुदुंबऱ्यातच संताजी महाराज जगनाडे यांची समाधी आहे. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा. तेलात भेसळ झाली की तेल वाढते पण तेल राहत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नसते!

तर त्या निवृत्त गृहस्थांनी जे समजावले, ते असे.

इंजिनात एक नळा असतो. त्याला सिलिंडर म्हणतात. त्यात एक दट्ट्या पुढे-मागे पळतो. तो पिस्टन. सायकलच्या पंपातला दट्ट्या आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांपुढे येईल. पहिल्या फेरीत दट्ट्या हवा आणि पेट्रोल आत ओढतो. दुसऱ्या फेरीत ते दाबतो. मग प्लगची ठिणगी पडते आणि भडका होतो. त्या भडक्याने तिसऱ्या फेरीत दट्ट्या जोराने ढकलला जातो. चौथ्या फेरीत तो धूर बाहेर लोटतो. अशा चार फेऱ्या, म्हणून या इंजिनाला फोर-स्ट्रोक म्हणतात. जर्मनीतल्या निकोलाउस ऑटो यांनी 1876 साली असे इंजिन चालवून दाखवले.

पूर्वी नावांना बहुतेक टू-स्ट्रोक इंजिने असत. त्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात. ते पेट्रोलबरोबर जळून जाते. तिथे ऑइलचा साठाच नाही, मग वाढणार काय? म्हणून जुन्या नाववाल्यांना हा रोग माहीत नाही. फोर-स्ट्रोकची गोष्ट वेगळी. त्याचे ऑइल खाली चेंबरमध्ये साठवलेले असते. तेच ते फिरून फिरून वापरले जाते.

आता नीट लक्ष द्या. दट्ट्याच्या एका अंगाला पेट्रोल आणि भडका. दुसऱ्या अंगाला ऑइल. मध्ये आडकाठी कसली? दट्ट्याभोवती लोखंडी कडी असतात, त्यांना रिंगा म्हणतात. तेवढीच आडकाठी. भाताच्या दोन खाचरांमध्ये बांध असतो, तशा या रिंगा. बांध फुटलेला नसला तरी थोडे पाणी झिरपते. तसेच पेट्रोल रिंगांवरून झिरपून ऑइलमध्ये उतरू शकते.

इंजिन चांगले तापलेले असले की फारसे काही बिघडत नाही. तापल्यावर दट्ट्या आणि रिंगा फुगतात आणि नळ्याला घट्ट बसतात. पेट्रोलची वाफ होते आणि ती सगळी जळते. पूर्वी थोडे पेट्रोल ऑइलमध्ये उतरले असेल तर तेही उडून जाते. ती वाफ एका नळीने परत वर जाऊन जळते.

इंजिन गार असले की उलटे होते. बांध सैल राहतो. पेट्रोलची पुरती वाफ होत नाही. पहाटे गवतावर दव बसते, तसे ते नळ्याच्या गार भिंतीवर थेंब थेंब बसते. त्यात गार इंजिनाला चालू राहण्यासाठी पेट्रोलही जास्त लागते. हे न जळलेले पेट्रोल रिंगांवरून खाली उतरते. काडीवर ऑइल वाढलेले दिसते. वाढते ते पेट्रोल.

नावेचे इंजिन गार राहायला आणखी एक कारण आहे. मोटारीच्या इंजिनात तेच ते पाणी फिरते, म्हणून ते लवकर तापते. नावेचे इंजिन तळ्यातले नवे पाणी सतत ओढते आणि परत तळ्यात सोडते. पवनेचे सगळे धरण त्याला गार करायला बसलेले! आपले पाणी थंड देशांतल्यासारखे बर्फाचे नाही, हे खरे. तिकडे हा त्रास फार होतो. नावांनाच होतो असेही नाही. 2018 साली उत्तर चीनच्या कडक थंडीत नव्या मोटारींच्या इंजिनांत असेच ऑइल वाढू लागले. कंपनीला लाखो मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. आपल्याकडे थंडी कमी, पण दुसरी एक सवय आहे. माझा विद्यार्थी जाळी ओढताना तासन्‌तास इंजिन मंद ठेवायचा. मंद इंजिन तापत नाही. मंद चाल आणि मार्गशीर्षातले गार पाणी एकत्र आले, की थंड देशातला रोग मावळात येतो.

पेट्रोल मिसळलेल्या ऑइलचा तोटा काय? ते पातळ होते. धातूवर त्याचा थर टिकत नाही. मग धातूवर धातू घासतो. लहान इंजिनात ऑइल मावते जेमतेम 1 लिटर. त्यात 150 मिलिलिटर पेट्रोल उतरले, तर तुम्ही काडीवर जे मोजता त्यात आठव्या हिश्शाहून जास्त पेट्रोल आहे. वरून कपभर काढले तरी उरलेले तितकेच पातळ. ताकात पाणी पडले आणि वरून वाटीभर ओतून दिले, तर राहिलेले ताक दाट होईल का? फिटरचा सल्ला इथे चुकला. शिवाय ऑइल फार वाढले की ते वाफेच्या नळीतून वर हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरते. धूर होतो, प्लग भिजतो, इंजिन बंद पडते. त्या संध्याकाळी नेमके हेच झाले.

म्हणून पहिले काम, नीट मोजणे. पुष्कळदा ऑइल वाढलेले नसते, आपले मोजणे चुकलेले असते. इंजिन तिरके उचलून ठेवलेले असेल तर काडी खोटे बोलते. इंजिन सरळ उभे करा. ते बंद आणि गार असू द्या. दहा-पंधरा मिनिटे थांबा, म्हणजे सगळे ऑइल खाली उतरेल. काडी काढा, स्वच्छ फडक्याने पुसा, परत घाला, परत काढा. आता खूण पाहा. काही इंजिनांत काडी आटे फिरवून बसवायची असते, तर काहींत नुसती टेकवून मोजायची असते. पुस्तिकेत असेल तसे करा. एकदा एक आणि एकदा दुसरे, असे केले तर फरक दिसणारच.

खरेच वाढले असेल तर काय मिसळले ते ओळखा. पेट्रोल की पाणी? काडी नाकाजवळ न्या. पेट्रोलचा वास लपत नाही. मग काचेचा एक तुकडा घ्या. त्यावर त्याच जातीच्या नव्या ऑइलचा एक थेंब ठेवा आणि शेजारी काडीवरचा एक थेंब. काच तिरकी धरा. थेंबांची शर्यत लागू द्या. वापरलेले ऑइल थोडे पुढे जाईलच. पण ते पाण्यासारखे पळाले तर त्यात पेट्रोल आहे. काही बहाद्दर काडीला काडेपेटी लावून पाहतात. तसे कधीही करू नका. ऑइल पाहताना आणि काढताना जवळपास विडी नको, चूल नको.

पाणी मिसळले असेल तर ऑइल दुधाच्या चहासारखे दिसते. थोडे ऑइल काचेच्या बाटलीत घालून रात्रभर ठेवा. बरेचदा पाणी तळाला बसते. पेट्रोल मात्र ऑइलमध्ये विरघळते, ते वेगळे होत नाही. पाण्याची कारणेही वेगळी. आपल्याकडे पावसाळ्यात हवा ओली असते. त्या ओलीने झाकणाच्या आत थोडा पांढरा फेस धरतो. इंजिन चांगले तापवून चालवले की तो जातो. पण सगळे ऑइलच दुधाळ झाले असेल तर आतले पॅकिंग फुटले असेल किंवा पाणी दुसऱ्या वाटेने आत गेले असेल. मग इंजिन चालवू नका, जाणकाराकडे न्या. इंजिन पाण्यात बुडाले असेल तर काढल्या काढल्या दोरी ओढायचा मोह आवरा. पंख्याजवळ तळाला गिअरचे ऑइल असते, ते वेगळे. त्याची आणि काडीवरच्या ऑइलची गल्लत करू नका.

पेट्रोल आहे असे ठरले, तर ते कधी वाढते ते पाहा. यात सगळी गोम आहे. माझ्या विद्यार्थ्याला मी हेच विचारले आणि त्याला सांगता येईना. कारण त्याने कुठे लिहून ठेवले नव्हते.

इंजिन न चालवता रात्रीत वाढत असेल, तर दोष पेट्रोलच्या वाटेत आहे. कार्बोरेटरमध्ये एक सुई असते. ती पेट्रोल अडवते. सुईत कचरा अडकला की पेट्रोल ओघळत राहते. टाकी उन्हात, तिच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद आणि नळी इंजिनाला जोडलेली, असे असले तर टाकीतला दाब पेट्रोलला जबरदस्तीने पुढे ढकलतो. म्हणून काठाला लागलात की नळी सोडवून ठेवा. एवढ्यानेच कित्येकांचे काम भागते.

जोरात चालवले तरी आणि मंद चालवले तरी भराभर वाढत असेल, तर पेट्रोलचा पंप पाहा. पुष्कळ लहान इंजिनांत हा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो. त्यात रबरासारखा पातळ पडदा असतो. पडदा फाटला की पेट्रोल थेट ऑइलमध्ये जाते. पडदा नवा घालावा लागतो. दोन सिलिंडरांपैकी एकाचा प्लग मेला असेल, तर त्या सिलिंडरातले पेट्रोल जळतच नाही, तेही खाली उतरते. चोक ओढलेला राहिला तरी तेच.

मंद चालवल्यावर वाढते आणि जोरात चालवल्यावर वाढत नाही, असे असेल तर रोग गारव्याचा. आता थर्मोस्टॅट पाहायचा. हा थंड पाण्याच्या वाटेवरचा दरवान आहे. बऱ्याच इंजिनांत तो असतो. त्याच्या पोटात मेण असते. इंजिन गार असेपर्यंत तो वाट बंद ठेवतो. इंजिन तापले की मेण फुगते आणि दार उघडते. तळ्यातला गाळ अडकून दार उघडेच राहिले, तर थंड पाणी सतत आत शिरते. इंजिन कधीच तापत नाही.

त्याची परीक्षा घरच्या चुलीवर होते. थर्मोस्टॅट काढून धुवा. दार गार असताना बंद दिसले पाहिजे. दाराच्या फटीत दोरा अडकवा आणि त्या दोऱ्याने तो पातेल्यातल्या पाण्यात लोंबता सोडा. पातेल्याच्या तळाला तो टेकू नये. पाणी तापवा. दार उघडले की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट खाली पडतो. किती अंशांना उघडायचा, तो आकडा बहुधा त्याच्यावरच कोरलेला असतो. नावेच्या इंजिनांत तो पुष्कळदा 50 ते 60 अंशांच्या आसपास असतो. पाणी मोजायला तापमापक असला तर उत्तम. पातेले मात्र स्वयंपाकाचे घेऊ नका. मी घेतले आणि बोलणी खाल्ली.

माझ्या विद्यार्थ्याच्या थर्मोस्टॅटला परीक्षाच द्यावी लागली नाही. दारात वाळूचा खडा अडकला होता. गार असतानाही करंगळीचे नख आत जाईल एवढी फट. मंद चालवायची सवय आणि हा खडा, दोघांनी मिळून इंजिन बुडवले होते.

त्याने नवा थर्मोस्टॅट घातला. सगळे ऑइल काढले, फिल्टर बदलला, पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचे ऑइल मापाने भरले. प्लग बदलले. आता तो जाळी ओढताना इंजिन बंद करतो. मंद चालवावेच लागले तर परतताना वीसेक मिनिटे चांगल्या वेगाने आणतो, म्हणजे इंजिन पुरते तापते. नवे इंजिन घेणाऱ्याने एक लक्षात ठेवावे. पहिले काही तास ते कसे चालवायचे, हे पुस्तिकेत दिलेले असते. फार जपून, नुसते मंद चालवले तर रिंगा नळ्याला नीट बसत नाहीत. पहिले ऑइल 20 तासांच्या आत आणि पुढे दर 100 तासांनी बदला, असे बहुतेक पुस्तिका सांगतात. पेट्रोल उतरले असेल तर तासांची वाट पाहायची नाही, लगेच बदलायचे.

नाव नसलेल्यांनीही हे वाचून सोडून देऊ नये. भातखाचराला पाणी देणारा पेट्रोलचा पंप, तण काढायचे यंत्र, हीही आता बहुधा फोर-स्ट्रोकच असतात. ती जीपमध्ये किंवा टेम्पोत टाकून नेताना पेट्रोलचा कॉक उघडा राहिला, की धक्क्यांनी सुई हलते आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरते. कॉक बंद करा. शेतावर पोचलात की दोरी ओढण्याआधी काडी पाहा.

काढलेले ऑइल कुठे टाकायचे? तळ्यात नाही, ओढ्यात नाही, बांधावरही नाही. पवनेचे पाणी आपण पितो, पिंपरी-चिंचवडही पिते. त्यात पेट्रोल मिसळलेले असेल तर ते चूल पेटवायलाही नको. डब्यात भरून घट्ट झाकण लावा आणि जुने ऑइल घेणाऱ्या गॅरेजात द्या.

माझ्या विद्यार्थ्याने आता एक वही केली आहे. चौथीनंतर त्याने पेन्सिल धरली नव्हती. अक्षर वाकडे आहे, पण आकडे स्पष्ट आहेत. वहीचे एक पान त्याच्या परवानगीने खाली देतो.

3 जानेवारी. 2 तास. ऑइल वरच्या खुणेला. वास नाही.
6 जानेवारी. 3 तास. मंद जास्त. ऑइल खुणेच्या जरा वर. थोडा वास.
7 जानेवारी. 2 तास. जोरात आणले. ऑइल खुणेला. वास नाही.
11 जानेवारी. चालवले नाही. नळी सोडलेली. ऑइल खुणेला.

वहीत लिहा :

1. 6 जानेवारीला ऑइल का वाढले? 7 जानेवारीला ते खाली का आले?

2. नळी सोडलेली नसती आणि 11 जानेवारीला ऑइल वाढलेले दिसले असते, तर तुम्ही आधी काय तपासले असते?

3. तुमच्या घरी किंवा शेजारी पेट्रोलचे इंजिन असेल तर त्याची काडी पाहा. तारीख, तास, खूण आणि वास लिहून आणा. पुढच्या वर्गात आपण ते वाचू.